झाकण्याआधीचे फोटो

चूक जावयाची होती, आणि ती त्यानं कुणी न सांगता, अगदी हौसेनं केली होती.

पाय मुरगळल्यामुळे सासूबाई तीन आठवडे घरात पडून होत्या. तेवढे दिवस त्यांचा कॅमेराही कपाटात पडून होता. आत ठेवली तर बॅटरी खराब होते असं जावयानं कुठंतरी वाचलं होतं, म्हणून त्यानं ती काढून बाजूला ठेवली. पण कॅमेऱ्याच्या पोटात घड्याळ चालवायला आणखी एक चिमुकली बॅटरी असते आणि ती घरजावयासारखी मोठ्या बॅटरीच्या जिवावर जगते, हे काही त्याच्या वाचनात आलेलं नव्हतं. पाच ऑगस्टच्या शनिवारी सकाळी सासूबाई कामावर निघाल्या, त्यानं मोठी बॅटरी आत सारली, आणि लांबलचक दुखण्यातून उठलेल्या माणसासारखा कॅमेरा विचारू लागला, आज तारीख काय?

“थांबा आई, मी करतो,” जावई म्हणाला. हा गृहस्थ मोबाइलच्या दुकानात कव्हरं आणि काचा विकायचा, पण घरात त्याचा रुबाब रॉकेट उडवणाऱ्याचा होता. पडद्यावर तीन चौकटी होत्या. पहिलीत त्यानं पाच घातले, दुसरीत आठ, तिसरीत वर्ष. वेळ मोबाइल बघून सेकंदाला सेकंद जुळवली. कॅमेऱ्याला मात्र महिना आधी आणि दिवस मागून असं शिकवलेलं होतं. त्यानं मुकाट्यानं आठ मे लिहून घेतली.

“झालं?”

“झालं. एकदम चोख.”

सासूबाईंनी पट्टा गळ्यात अडकवला आणि लंगडत जिना उतरल्या.

बांधकामावर त्यांना सगळे फोटोबाई म्हणत. उद्या जे झाकलं जाणार ते आज टिपून ठेवायचं, हा त्यांचा धंदा. भिंतीत गाडले जाणारे नळ, फरशीखालून जाणाऱ्या वायरी, काँक्रीटमध्ये बुडणाऱ्या सळ्या. इमारत रंगवून, पुसून, दिवे लावून झाली की लोक फोटोवाल्याला बोलावतात. ह्यांना ती उघडीनागडी असताना बोलावत. “माझ्या फोटोत कधी कुणी हसत नाही,” असं त्या म्हणायच्या, आणि स्वतः हसायच्या.

त्यांचे यजमान नळाचं काम करायचे. एकदा गळती शोधायला त्यांनी एका दवाखान्याची भिंत छतापासून जमिनीपर्यंत फोडली, आणि नळ निघाला शेजारच्या भिंतीत. घरी येऊन ते हात धूत असताना फोटोबाई म्हणाल्या, “प्लास्टरच्या आधी कुणी एक फोटो काढून ठेवला असता, तर तुमचा खांदा वाचला असता आणि त्यांची भिंत.” यजमान म्हणाले, “मग काढ की. बसलीयस कशाला?” पुढच्याच महिन्यात त्यांनी कुणाचा तरी वापरलेला कॅमेरा आणून दिला. यजमान गेले त्याला नऊ वर्षं झाली. धंदा राहिला.

त्यांची पद्धत ठरलेली होती. प्रत्येक मजल्यावर लाल रंगाच्या फुल्या मारायच्या आणि दर शनिवारी त्याच फुल्यांवर उभं राहून तेच कोपरे टिपायचे. फोटोत मापाची टेप पसरलेली हवी, म्हणजे सळई वर आहे की खाली हे बोटानं मोजता येतं. रीळ भरायच्या काळात त्या टेपशेजारी खडूनं तारीख लिहिलेली पाटीही ठेवायच्या. डिजिटल आल्यावर ठेकेदार म्हणाला, “बाई, ती पाटी काढा, कैद्याचा फोटो वाटतो. तारीख तर यंत्र आपणहून लिहितं.” ते खरंच होतं. पाटी माळ्यावर गेली.

त्या ऑगस्टमध्ये काम चालू होतं एका वसतिगृहाचं. एकाच नकाशाच्या दोन जुळ्या इमारती, शेजारीशेजारी. पहिली तीन महिन्यांनी पुढं, दुसरी मागं. पाच तारखेला फोटोबाईंनी दुसऱ्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीच्या सळ्या टिपल्या. सळ्या बांधणारा माणूस पन्नाशीचा, कमी बोलणारा. सगळे त्याला सळईवाला म्हणत. त्याचा धाकटा भाऊ त्याच्याच हाताखाली होता.

“बाई, लवकर आटपा,” सळईवाला म्हणाला. “उद्या काँक्रीटचा माल ओतायचाय, ठेकेदार मानगुटीवर बसलाय.”

“तुमच्या गाठी नीट दिसेपर्यंत बसू दे त्याला.”

“इतकं नीट तर बायकोही माझ्याकडे बघत नाही, जितक्या नीट तुम्ही गाठी बघता.”

पुढच्या रविवारी फोटोबाई जावयाला घेऊन कॅमेऱ्याच्या दुकानात गेल्या. जुन्या कॅमेऱ्याचं रबर सुटत चाललं होतं, सिमेंटची धूळ आत जात होती, आणि जिन्याखालच्या अंधारात फोटो असे यायचे की नळ कुठला आणि नळाची सावली कुठली ते कळू नये. कामाचा, व्यावसायिक माणसानं वापरावा असा कॅमेरा घ्यायचा हे दोन वर्षं ठरत होतं. जावयानं आठवडाभर अभ्यास केला होता, म्हणजे आकडे पाठ केले होते.

“आई, हा बघा. ह्याचे पिक्सेल दुप्पट आहेत.”

“घमेली दुप्पट झाली म्हणून माल दुप्पट होत नाही, जावईबापू.”

दुकानदारानं कान टवकारले. जावयाचा चेहरा पडला. फोटोबाईंना त्याची दया आली असावी, कारण त्या स्टुलावर बसून समजावू लागल्या.

“आत सेन्सर असतो ना, तो म्हणजे एक स्लॅब समजा. त्याच्यावर लाखो घमेली खेटून मांडलीत. बटण दाबलं की तेवढ्यापुरतं वरचं दार उघडतं आणि उजेड घमेल्यांत पडतो. जिथं जास्त पडला ते उजळ, जिथं नाही पडला ते काळं. मग यंत्र एकेक घमेलं मोजतं आणि आकडा मांडतं. फोटो म्हणजे नुसती आकड्यांची वही.”

“आणि रंग?”

“प्रत्येक घमेल्यावर एकाच रंगाची काच. कुणावर लाल, कुणावर हिरवी, कुणावर निळी. बाकीचे दोन रंग ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून भरतं.”

“म्हणजे दोन वाटे रंग ऐकीव?”

“ऐकीव. पण हे शेजारी खोटं सांगत नाहीत, एवढाच फरक. आता स्लॅब तेवढाच ठेवून घमेली वाढवली, तर एकेक घमेलं लहान होणार. भर उन्हात चालून जातं. जिन्याखाली उजेड येतो चिमूटभर. लहान घमेल्यात काय पडणार? मग यंत्र ओढूनताणून आकडा फुगवतं आणि फोटोवर रेती फेकल्यासारखी दिसते. मला घमेली मोठी हवीत. संख्येचं मी काय करू, माझे फोटो काही चौकात लावत नाहीत.”

एवढं बोलून त्यांनी दुकानदाराच्या हातातला कॅमेरा घेतला आणि त्या काउंटरखाली शिरल्या.

“बाई, लोक त्या फुलदाणीचा फोटो काढून बघतात,” दुकानदार वाकून म्हणाला. “तुम्ही खाली काय बघताय?”

“माझं गिऱ्हाईक खालीच असतं,” काउंटरखालून आवाज आला. “तुमची वायर उंदरानं खाल्लीय, ती बघा आधी.”

वर येऊन त्यांनी भिंतीवरच्या फळ्यांचा फोटो काढला आणि मोठा करून बघितला. स्वस्त रुंद लेन्समध्ये फळ्या कडेला वाकायच्या. “मी काढलेला खांब वाकडा दिसला तर ठेकेदार मला विचारणार नाही, गवंड्याला फटकारेल,” त्या म्हणाल्या आणि ती लेन्स परत केली. शेवटी त्यांचा हात एका काळ्या, जड, अजिबात देखण्या नसलेल्या कॅमेऱ्यावर थांबला. धूळपाणी आत शिरू नये म्हणून त्याच्या सगळ्या फटी रबरानं बंद होत्या, आणि कार्डांना जागा दोन. एक कार्ड बिघडलं तरी तोच फोटो दुसऱ्यावर असतो.

“शिवाय तारीख-वेळ उपग्रहावरून आपोआप घेतो,” दुकानदार म्हणाला.

“तारखेचं काय एवढं?” जावई म्हणाला. “ती आपण घालू शकतो.”

महिनाअखेरीला घेऊ असं ठरलं.

सव्वीस ऑगस्टच्या शनिवारी फोटोबाई दुपार व्हायच्या आतच घरी आल्या. केसांवर, भुवयांवर पांढरी धूळ होती. लेकीनं पाणी दिलं, ते त्यांनी हातात धरून ठेवलं.

“गॅलरी पडली,” त्या म्हणाल्या. “खालचे टेकू काढत होते. धाकटा खाली होता.”

“कोण धाकटा?”

“सळईवाल्याचा भाऊ. पाय... पायच राहिला नाही म्हणतात गुडघ्याखाली.”

“तुम्ही तिथं होता?” जावयानं विचारलं.

“होते.”

“फोटो?”

“आज नाही काढले,” त्या म्हणाल्या, आणि पेला तसाच ठेवून न्हाणीघरात गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बांधकामावर एकच वाक्य फिरत होतं: सळ्या खाली बांधल्या होत्या. बादली घेऊन हात समोर ताठ धरला, तर ताण हाताच्या वरच्या अंगाला येतो. गॅलरीचंही तसंच, भिंतीतून बाहेर काढलेल्या हातासारखी ती असते, म्हणून तिच्या मुख्य सळ्या वरच्या बाजूला लागतात. पडलेल्या तुकड्यात त्या तळाशी निघाल्या होत्या. ठेकेदारानं हात वर केले. काम सळईवाल्याचं, चूक सळईवाल्याची, आणि पोलिसांत नावही सळईवाल्याचंच. चौकशीत तसंच ठरलं असतं तर ज्याच्या भावाचा पाय गेला, त्याच्यावरच भावाचा पाय घालवल्याचा खटला उभा राहणार होता.

पण पाच तारखेच्या फोटोत सळ्या वर होत्या. शेजारी टेप पसरलेली होती. बांधताना वर, पडल्यावर खाली. म्हणजे माल ओतताना फळ्या न टाकता गडी सळ्यांवरूनच नाचवले आणि त्या दबल्या. ती जबाबदारी ठेकेदाराची. फोटोबाईंच्या एका कार्डात त्या माणसाची सुटका होती.

रविवारी संध्याकाळी त्यांनी जावयाला ते पाच तारखेचं कार्ड दिलं. “ह्याची एक नक्कल करून ठेवा. उद्या मी चौकशीच्या कचेरीत देऊन येते.”

जावयानं कार्ड कॉम्प्युटरला लावलं आणि फोटोंखालची तारीख वाचली. आठ मे. त्यानं चष्मा पुसून पुन्हा वाचली. मग त्याला तीन चौकटी आठवल्या, पहिलीत पाच, दुसरीत आठ. शेजारच्या खोलीत बायको पोरीला झोपवत होती, सासूबाई भाजी निवडत होत्या. कुणाला सांगण्याची हीच वेळ होती. पण चूक झाल्यावर माणूस पहिल्यांदा कबूल करत नाही, पहिल्यांदा आवराआवर करतो. त्यानं कॅमेरा उचलला, घड्याळाच्या पानावर गेला आणि तारीख दुरुस्त केली. दिवस, महिना, वर्ष, सगळं बरोबर. फोटोंच्या तारखाही हळूच बदलाव्यात असा त्याचा बेत होता, पण तेवढ्यात फोटोबाई पदराला हात पुसत आल्या आणि कार्ड घेऊन गेल्या.

बुधवारी चौकशी झाली. एक लांब टेबल, आवाज करणारा पंखा, कोपऱ्यात गंजकं कपाट. टेबलापाशी चौकशीचे साहेब, समोर ठेकेदाराचा सुपरवायझर, बाजूला सळईवाला आणि फोटोबाई. जावई दारापाशी भिंतीला टेकून उभा होता.

साहेबांनी फोटो पडद्यावर लावले. “सळ्या वर आहेत खऱ्या,” ते म्हणाले.

“साहेब, तारीख बघा की,” सुपरवायझर शांतपणे म्हणाला. “आठ मे. मे महिन्यात ह्या इमारतीला तिसरा मजला कुठं होता? हा फोटो जुळ्या इमारतीचा आहे. तिची गॅलरी मेमध्येच बांधली. ती अजून उभी आहे, कारण तिथं सळ्या वर होत्या.”

सळईवाल्यानं फोटोबाईंकडे बघितलं. फोटोबाईंनी पडद्याकडे बघितलं.

“तारीख चुकलीय,” त्या म्हणाल्या. “हा फोटो मी पाच ऑगस्टला काढलाय. कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलं असणार.”

“फोटोंचे नंबर काही सांगतात का?” साहेबांनी विचारलं.

“कार्ड बदललं की मी नंबर पुन्हा एकपासून चालू करते. हिशेबाला सोपं जातं.”

“कॅमेरा आणलाय?”

त्यांनी पिशवीतून कॅमेरा काढून टेबलावर ठेवला. साहेबांनी तो चालू केला, बटणं दाबत घड्याळाचं पान काढलं, आणि मग मनगटावरच्या घड्याळाशी ताडून बघितलं.

“घड्याळ तर मिनिटाला बरोबर आहे, बाई.”

सुपरवायझर हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

साहेब वाईट माणूस नव्हते. शुक्रवारी पुन्हा बसू, काही पुरावा असेल तर आणा, असं म्हणून त्यांनी वही मिटली. बाहेरच्या बाकावर फोटोबाई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. सळईवाला जिना उतरून गेला.

“आई,” जावई म्हणाला, “मला तुम्हाला काही सांगायचंय.”

त्यानं सगळं सांगितलं. बॅटरी, तीन चौकटी, रविवारची संध्याकाळ. सांगताना तो जमिनीवरच्या फरशा मोजत होता. एका ओळीत अकरा होत्या.

“म्हणजे रविवारपर्यंत हा चुकीची तारीख दाखवत होता?” फोटोबाईंनी विचारलं.

“हो.”

“तसाच दाखवत राहिला असता, तर आज साहेबांनी डोळ्यांनी बघितलं असतं की हा तीन महिने मागं चालतो.”

“हो.”

“तोतरा का होईना, एक साक्षीदार होता. तुम्ही त्याला शुद्ध बोलायला शिकवून आणलंत.”

जावयाला वाटलं, ह्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. “मी फोटोंच्या तारखा बदलून देतो,” तो घाईनं म्हणाला. “दोन मिनिटांचं काम आहे. आणि आपण खोटं काहीच करत नाही, आई. खरी तारीखच तर घालतोय.”

“मूळ कार्ड त्यांच्या कपाटात आहे.”

“नसतं तर?”

“नसतं तरी नाही. एकदा तुम्ही हात लावलात की त्यातली खरी गोष्टही तुमच्या हातची झाली. मग सळ्याही तुम्हीच वर उचलून ठेवल्यात असं कुणी म्हटलं, तर काय सांगायचं?” त्या उठल्या. “चला. पाय दुखतोय.”

घरी येऊन त्या बराच वेळ शिवणयंत्रापुढं बसून राहिल्या, पण यंत्र चाललं नाही. मग त्यांनी जावयाला हाक मारली आणि यंत्राच्या खणातून, दोऱ्यांच्या रिळांखालून, एक कार्ड काढून त्याच्या पुढ्यात ठेवलं.

“सव्वीस तारखेचं आहे.”

“तुम्ही तर म्हणालात, फोटो काढलेच नाहीत.”

“लावा.”

सतरा फोटो होते. पहिल्यात गॅलरी आणि तिच्याखालचे टेकू. एका टेकूला कुणीतरी हातोडा लावलेला. तिसऱ्यात गॅलरीच्या कडेला एक काळी रेघ. चौथ्यात गॅलरी तिच्या जागी नव्हती. मग धूळ. मग धूळ विरत जाताना खाली पडलेला धाकटा, त्याचा उघडा तळहात, धावत येणारे लोक, स्लॅबखाली खांदा घालणारा सळईवाला. तोच कोन, तीच चौकट. एकही फोटो हललेला नव्हता. प्रत्येकाखाली तारीख होती एकोणतीस मे, आणि वेळ.

जावयानं पहिल्या आणि शेवटच्या फोटोची वेळ बघितली आणि मनात वजाबाकी केली. त्यानं ती बोलून दाखवली नाही.

“त्रेचाळीस सेकंद,” फोटोबाई म्हणाल्या. “मी केलीय ती.”

“आई, तो तुकडा तीन माणसांना हलत नव्हता. तुमचा पाय असा. तुम्ही एकट्या काय करणार होता?”

“हात लावा बाई, असं ओरडला सळईवाला. मला ऐकू आलं.” त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं. “त्यानंतरचे हे सहा आहेत.”

जावयानं ते सहा फोटो पुन्हा एकदा मोजले.

“गॅलरी पडली ती तारीख पोलिसांच्या वहीत आहे,” त्या म्हणाल्या. “दवाखान्यातही आहे. जुळ्या इमारतीची गॅलरी पडलेली नाही. म्हणजे हा फोटो कुठला आणि कधीचा ह्यावर कुणाला वाद घालता येणार नाही. आणि ह्याच्याखाली तारीख आहे मेची. तारीख चुकलीय हे मला रविवारी, पाच तारखेचं कार्ड तुम्हाला द्यायच्या आधी माहीत असतं, तरी हे कार्ड मी दिलं असतं का, कोण जाणे. आज पण देववत नाही.”

“नका देऊ मग. मी सांगतो ना साहेबांना, मी चुकलो म्हणून.”

“तुम्ही सांगाच. पण जावयाच्या तोंडी शब्दावर कुणाची सुटका होत नाही.”

शुक्रवारी तेच टेबल, तोच पंखा. आधी जावयानं आपली चूक सांगितली. सुपरवायझर म्हणाला, “सासूसाठी जावई काहीही सांगेल,” आणि त्यावर साहेबसुद्धा किंचित हसले. मग फोटोबाईंनी कार्ड दिलं.

“ह्यात धाकट्याचे फोटो आहेत,” त्या सळईवाल्याला म्हणाल्या. “तुम्ही बाहेर बसलात तरी चालेल.”

“बसतो इथंच,” तो म्हणाला.

साहेबांनी फोटो एकामागून एक लावले. पाचव्यानंतर त्यांचा हात मंदावला. सतरा झाल्यावर त्यांनी पोलिसांचा कागद पुढं ओढला, बोटांवर दिवस मोजले, मग कागदावर मोजले. पाच ऑगस्ट आणि आठ मे ह्यांत एकोणनव्वद दिवस. सव्वीस ऑगस्ट आणि एकोणतीस मे ह्यांतही एकोणनव्वद. त्यांनी तो आकडा दोनदा गोल केला आणि सुपरवायझरकडे वळवला. सुपरवायझरनं आपला मोबाइल उलटा करून ठेवला.

“वेळेवर का नाही दिलं हे, बाई?” साहेबांनी विचारलं.

सळईवाला अजून पडद्याकडेच बघत होता.

“बाई, ह्यात तुम्ही कुठं आहात?” त्यानं विचारलं.

“फोटोच्या मागं,” त्या म्हणाल्या.

साहेबांनी लिहायला घेतलं. सळ्या बांधताना जागेवर होत्या, माल ओतताना दबल्या, देखरेख ठेकेदाराची. सळईवाल्याचं नाव आरोपातून काढण्याची शिफारस. दोन्ही कार्डं आणि कॅमेरा प्रकरण संपेपर्यंत कचेरीत जमा. कॅमेरा पिशवीत घालून त्यावर लाख लावली गेली, तेव्हा फोटोबाईंनी पट्टा आत नीट घडी करून ठेवायला सांगितला.

फाटकापाशी चहाची टपरी होती. सळईवाला तिथं आधीच उभा होता आणि त्यानं तीन चहा सांगितले होते. तिघं उभ्यानंच प्यायले. रस्त्यावरून एक सळ्या भरलेला ट्रक गेला, तो नजरेआड होईपर्यंत तिघंही त्याच्याकडे बघत राहिले.

“कसा आहे?” फोटोबाईंनी विचारलं.

“बरा आहे. भांडतोय दवाखान्यातल्या लोकांशी, म्हणजे बरा आहे.” त्यानं कप ठेवला. “किती वेळ होता तो? पहिल्यापासून शेवटच्या फोटोपर्यंत?”

“त्रेचाळीस सेकंद.”

“मला वाटलं अर्धा तास गेला.”

फोटोबाईंनीही कप खाली ठेवला. “मी ऐकलं होतं तुम्ही बोलावलेलं,” त्या म्हणाल्या.

“माहीत आहे,” सळईवाला म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. पण बाकी काय होतं तेही जावयाला ओळखता येईना. “धाकट्याला सांगू नका, असे फोटो आहेत म्हणून. तो बघायला मागेल.”

“नाही सांगणार.” त्यांनी पिशवीत हात घातला. “चहाचे मी देते.”

“दिलेत.”

“मग पुढचा माझा.”

“बघू,” तो म्हणाला, आणि रस्ता ओलांडून गेला.

ठेकेदारानं फोटोबाईंचं काम बंद केलं, हे सांगायला नकोच. ठेकेदार एकमेकांच्या लग्नाला जातात आणि एकमेकांचे फोन उचलतात. त्यामुळे दुसऱ्या दोन जागांहूनही निरोप आला की सध्या फोटोंची गरज नाही. सळईवाल्यालाही गावातलं काम मिळेना, तो लांब कुठल्यातरी पुलावर लागला. कॅमेरेवाल्या दुकानदारानं दोनदा विचारलं. तो काळा जड कॅमेरा त्यानं बाजूला काढून ठेवला होता. फोटोबाई म्हणाल्या, विकून टाका.

सध्या त्या लोकांच्या स्वयंपाकघरातले नळ टिपून देतात, जावयाच्या मोबाइलवर. घमेली लहान, त्यामुळे ओट्याखालचे फोटो रेती फेकल्यासारखे येतात. जावई विजेरी धरून उभा राहतो आणि तारखेला बोट लावत नाही. मध्येच ओट्याखालून त्या विचारतात, “कुणी हाक मारली का?” तो म्हणतो, नाही. त्या दोन क्षण थांबतात आणि मग बटण दाबतात.

सळईवाल्याला त्यांनी तीनदा फोन केला. धाकट्याची चौकशी केली, आणि प्रत्येक वेळी म्हणाल्या, इकडं आलात की चहाला या, माझ्याकडे एक राहिलाय. दोनदा तो “बघू” म्हणाला. तिसऱ्यांदा फोन धाकट्यानं उचलला. भाऊ कामावर आहे, म्हणाला, आणि मग म्हणाला, “बाई, काही सांगायचं असेल तर मला सांगा.” फोटोबाई म्हणाल्या, काही नाही, चहाचं होतं.